काकूंची ड्राबा

आमच्या शेजारच्या काकांइतका थंडीवर जीव टाकणारा मराठी माणूस लंडनच्या अख्ख्या हॅरोत दुसरा नसेल. जानेवारीत आम्ही सगळे हीटिंग लावून घरात बसलेले असताना हे गृहस्थ कानटोपी चढवून बागेतल्या काचघराची दारं सताड उघडून ठेवत. तेही एका कुंडीसाठी! तिच्यात ड्राबा होती, उंच डोंगरांवर दगडांच्या फटीत राहणारी, मोहरीच्या कुळातली. काकूंनी ती बियांपासून वाढवलेली. खडीत बसलेली टणक हिरवी उशी, आणि मार्चमध्ये तिच्यावर पिवळीधमक फुलं. काकू गेल्या आणि काका तिचे पहारेकरी झाले. पाहुण्याला चहाच्या आधी ड्राबा दाखवली जाई, हात लावायला गेला तर ओरडा बसे. गोड खोटं बोलणं त्यांना जमतच नसे. माझे उकडीचे मोदक खाऊन, "सारण ओके आहे, बाकी disaster," असं त्यांनी भर पंगतीत सांगितलं होतं. फ्लॉवर शोमध्ये एका गोऱ्या आजोबांना त्यांच्याच कुंडीसमोर "लाड कमी करा" असं सुनावून आले होते.

मागच्या हिवाळ्यात काकूंची थोरली बहीण नागपूरहून आली. काका आठवडाभर लेस्टरला मुलीकडे गेले असताना त्या माउलीने कुंडीवरचं दव गोठलेलं पाहिलं. धाकट्या बहिणीचं, सुमीचं झाड असं गारठ्यात? तिने ती स्वयंपाकघरात रेडिएटरजवळ, देवांच्या शेजारी आणून ठेवली आणि रोज देवांना आंघोळ घातलेलं पाणी तिच्या डोक्यावर ओतलं. ड्राबाला घरातली ऊब आणि डोक्यावरून पाणी, दोन्ही म्हणजे विषच. काका परतले तेव्हा मी तिथेच होते. आता घर डोक्यावर घेणार, म्हणून मी जीव मुठीत धरून उभी राहिले.

"भाऊजी, आता नाही हो थंडी वाजणार सुमीला," ताई म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या.

काकांनी हिरव्या उशीवर बोट टेकवलं. ते आत गेलं. "छान केलंत, ताई," ते म्हणाले.

वरून हिरवी दिसणारी ड्राबा आतून सडली होती. ताई नागपूरला पोचल्यावर ती काळी पडली. एवढी वर्षं दोघांनी जपलेलं झाड असं मायेपोटी गेलं, याची हळहळ मला अजून वाटते. रविवारी ताईंचा फोन येतो, तेव्हा बऱ्याचदा मी तिथे असते.

"मस्त फुललंय हो, ताई! Full bloom! नको, व्हिडिओ नको, मोबाइलवर तो पिवळा नीट येतच नाही."

परवा न राहवून मी विचारलं, "काका, किती दिवस असं?"

ते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "ताईंची बहीण एकदा गेलीय ना, परत कशाला सांगू?"