टेलरमास्तरांचा खाजवलेला बाजा

उसवलेला कोट हातात घेऊन मी त्यांच्या जिन्यात उभी होते. वर नवरा-बायकोचं जुंपलं होतं. अशा वेळी मध्ये कडमडू नये म्हणून थांबले. आता आवाजच एवढे मोठे, की न ऐकण्याची काही सोयच नव्हती.

"तुझी पेटी खोटं बोलते!"

हे माझे दीर. साऱ्या गल्लीचे टेलरमास्तर.

"माझी पेटी कारखान्यातून आली तशीच आहे. कानस कुणी कशाला लावली ते आठवा जरा!"

ही त्यांची बायको, माझी धाकटी जाऊ.

मला वाटलं, कपाट फोडलं की काय कुणी. वर जाऊन बघते तर भाऊजींच्या हातात माउथ ऑर्गन, धाकटीच्या गळ्यात अकॉर्डियन, आणि दोघं एकमेकांकडे अशी बघतायत जशी सवतीची मुलं. भांडण कशावरून? एका सुरावरून. तोही पुरता नाही, सुराच्या केसभर इकडे-तिकडे होण्यावरून. म्हटलं, चला, या घरात बाकी सगळं झकास चाललेलं दिसतंय.

भाऊजींचं असं, की हात रिकामा बसायचा नाही. दिवसभर दुसऱ्यांचे खांदे, कंबरा दुरुस्त करून पोट भरायचं नाही त्यांचं. त्या भांडणाच्या आठेक दिवस आधी नवा माउथ ऑर्गन आणला, तीन भोकांत एकदम फुंकर मारली आणि तोंड वाकडं केलं. "वहिनी, ऐका. थरथरतोय." मला तर छान वाटला होता. पण त्यांनी तो उघडला. आत पितळेच्या बारीक बारीक पात्या. एका पातीखाली कॉलरमध्ये घालायचा प्लास्टिकचा तुकडा सरकवला आणि तिच्या बुडाशी नखाची कानस हलकेच फिरवली. बुडाशी खरवडलं की सूर उतरतो, टोकाशी खरवडलं की चढतो, असं मला शिकवतही होते, जशी काही मी उद्या दुकान काढणार. तीन सुरांतला मधला त्यांनी केसभर उतरवला. मग फुंकले.

खरं सांगते, थरथर गेली. तीन सूर एकात एक असे बसले की शिवण दिसेना.

"कारखान्यातला बाजा म्हणजे रेडिमेड शर्ट," भाऊजी म्हणाले. "सगळ्यांना बरा, कुणालाच नेमका नाही. हा मापाचा."

आता पंचाईत अशी, की धाकटीची पेटी रेडिमेड होती. आणि तिला तशीच हवी होती. ती बालवाडीत पेटी वाजवून मुलांकडून गाणी म्हणवून घ्यायची. पोरं काय, आज चिमणीसारखी वर ओरडतील, उद्या बेडकासारखी खाली. "यांच्या बाजाला एकच वाट ठाऊक," ती म्हणायची. "मला पोरं नेतील तिथे जावं लागतं. माझ्या पेटीत सगळ्या सुरांनी थोडं थोडं सोसायचं, म्हणून सगळीकडे चालते."

दोघांचं आपापल्या जागी खरं. पण एकत्र वाजवलं की मधल्या सुरावर मापाचा आणि रेडिमेड असे दोघं एकमेकांना ढुशा द्यायचे. लग्न झाल्यापासून दर रविवारी संध्याकाळी ही जोडी आमच्या मोठ्या खोलीत वाजवायची. त्या भांडणानंतर धाकटीनं पेटी पलंगाखाली सारली. "खोटं बोलणारी पेटी चारचौघांत कशाला?" म्हणाली.

भाऊजी ताठ. पहिले काही दिवस खिडकीत बसून एकटेच वाजवायचे, मोठ्या ऐटीत. मग ऐट उतरली. एके दिवशी माझ्याकडे येऊन टेबलावरचे पोळीचे तुकडे उगाच गोळा करत म्हणाले, "वहिनी, एकट्यानं वाजवलं की कसं उघडं उघडं वाटतं हो. तुम्ही सांगा ना तिला."

"मी का? खोटारडी म्हणताना मला विचारलं होतंत?"

"पेटीला म्हटलं होतं."

"पेटी रुसलेली नाही, भाऊजी."

त्यांना खरंच भीती बसली होती, की ही आता पुन्हा कधी पेटी काढणारच नाही. चेहऱ्यावर दिसायचं. माणसांच्या बाह्या उलट्या लावायला लागले. एका गिऱ्हाइकाला तर खिसा आतल्या बाजूनं मिळाला.

मी गेले धाकटीकडे. बाहेरच्या खोलीत भाऊजी बाजा वाजवत होते. आतल्या खोलीचं दार लोटलेलं. ढकललं, तर बाई पलंगावर रजई पांघरून बसलेल्या, भर उन्हाळ्यात. रजईतून बारीक कुईकुई येतंय. रजई उचलली, तर मांडीवर पेटी! नवरा बाहेर वाजवतोय आणि ही एकेक पट्टी हळूच दाबून बघतेय.

"ओरडू नका, जाऊबाई," घामाघूम होऊन मला म्हणाली. "एकच सूर भांडतोय. बाकीचे सगळे गुण्यागोविंदानं आहेत."

इकडे भाऊजींनी शेवटचा उपाय काढला. दुसरा माउथ ऑर्गन आणला, हात न लावलेला, जसाच्या तसा. मुकाट्यानं तिच्या दाराशी उभे राहिले आणि तिचं आवडतं गाणं सुरू केलं. मी तिथंच होते. आतून आवाज आला, "कुणाचा आहे हा?"

"माझाच. नवा. तुझ्या पेटीशी जुळेल."

"शी! अगदी रेडिमेड वाटतोय."

दार उघडलं. पेटी गळ्यात घालून बाहेर आली. "तो खाजवलेला काढा. तोच बरा आहे मेला."

"अगं, पण भांडतात ते."

"दोघांनी एकच जागा अडवली तर भांडणारच. मधला मी दाबत नाही, तो तुमचा. मी खालचा आणि वरचा धरते."

"मग तुझ्याकडे राहिलं काय?"

"अस्तर," ती म्हणाली. "अस्तर न लावता कोट घालून कधी फिरलायत?"

भाऊजी काहीतरी बोलणार होते. पण टेलरच तो, अस्तराविरुद्ध काय बोलणार! बाजा ओठाला लावला. धाकटीचा अंगठा आणि करंगळी पट्ट्यांवर, मधलं बोट आखडून हवेत. आणि ढुशा बंद. मी तो उसवलेला कोट तेव्हा कुठे त्यांच्या हातात दिला. इतके दिवस तसाच राहिला होता.

पुढे कितीतरी वर्षं त्यांचे रविवार तसेच गेले. दोघांचे केस गेले, माझे दात गेले, ते बोट काही खाली आलं नाही. आता भाऊजी नाहीत. धाकटी अजून रविवारी येते, माझा मुलगा तिची पेटी आणतो. परवा तिला म्हटलं, "आता दाब की ती मधली. कोण भांडणार आहे?"

"राहू दे," म्हणाली. "तिथे हातच जात नाही."

भाऊजींच्या शेवटच्या रविवारी मात्र पेटी त्यांनीच आणली. तोवर धाकटीचे गुडघे धरले होते, म्हणून ते आधी पेटी पोचवायचे आणि मग परत जाऊन बायकोला हाताला धरून आणायचे. धाकटी चिडवायची, "आधी पेटी, मग बायको!" तर म्हणायचे, "पेटी वाटेत बोलत नाही, म्हणून लवकर पोचते."

त्या दिवशीही तसेच आले. गळ्यात मोजायची टेप, ती काढायची आठवण त्यांना कधी राहिलीच नाही. मुलगा म्हणाला, "काका, द्या मी घेतो." त्याला कोपरानं बाजूला केलं. पेटी नेहमीच्या खुर्चीवर ठेवली, स्वतः शिवलेलं कापड चारी बाजूंनी सारखं केलं, घोटभर पाणी प्यायले. खिसा चाचपून खाजवलेला बाजा आहे ना, ते पाहिलं.

"वहिनी, एक आली," म्हणाले. "दुसरीला घेऊन येतो."

आणि जिना उतरले.