कोपरावरचा घाव

लातूरच्या बाजारात आमचं कापडाचं दुकान होतं. निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. त्या दुपारी अप्पा, म्हणजे माझे वडील, जेवायला घरी गेले होते आणि मी एका गिऱ्हाइकाला धोतर मोजून देत होतो. पोलिसांचा जमादार समोरून गेला, ते मला दिसलं नाही. तो पाच-सहा पावलं जाऊन परत फिरला.

"उठून सलाम करायला लाज वाटती का रे?"

मी उठेपर्यंत त्यानं काठी घातली. माझा उजवा हात फळीवर होता. काठी कोपराच्या आतल्या बाजूला, हाडाच्या खोबणीत बसली आणि करंगळीतून कळ निघून गेली. गिऱ्हाईक मान खाली घालून उठलं, धोतर तिथंच टाकून गेलं.

कोपराची सूज उतरली, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट जळतच राहिलं. मलमल नुसती घासली तरी निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. कात्री धरता येईना. आईनं बोटांना हळद लावली, तेल लावलं, पाला बांधला. शेवटी अप्पा मला मोटारीनं नांदेडच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले.

तिथले डॉक्टर हैदराबादेत शिकलेले. मराठी बोलायचे, पण उर्दूच्या वळणानं. त्यांनी बोटांकडं पाहिलंच नाही. कोपराच्या खोबणीत अंगठा दाबला. मी कळवळलो.

"कुठं दुखलं?"

"करंगळीत."

"हात तर मी कोपराला लावला, बेटा." मग ते अप्पांकडं वळले. "बोटांपासून डोक्यापर्यंत नस जाते, तारेसारखी. ती कोपरापाशी चेपली. आता तिथूनच खबर पाठवून राहिली. मधेच तार कुणी हलवली, ते डोक्याला कसं कळणार? तार करंगळीची, म्हणून करंगळीच दुखती असं ते धरून चालतं. आणि जखमी नस चिडकी होते. कापूस लागला तरी आग लागली म्हणून कळवते."

"बरी होईल का साहेब?"

"काही नसा बऱ्या होतात. हिचं सांगता येत नाही."

मी विचारलं, "कधी कधी एकदम थांबतं, ते कसं?"

"डोकं दुसऱ्या कशात जोरानं गुंतलं, की ते वरून खाली हुकूम धाडतं, सध्या खबरा नकोत म्हणून. शिपायाला लढताना गोळी लागलेली उशिरा कळते, ती यामुळंच. तू तेव्हा काय करत असतोस?"

मी तेव्हा जमादाराला मारत असायचो. मनातल्या मनात, रोज. त्या औषधानं मला जेवढा आराम पडला, तेवढा दवाखान्याच्या पुड्यांनी पडला नाही.

पुढं त्याची बदली मुदखेडला झाली. अप्पा म्हणाले, "गेली पीडा. आता तरी सोड."

"न्हाई अप्पा," मी म्हणालो.

मी डॉक्टरांकडं जातो असं सांगून निघालो. कापड मोजायचा लोखंडी गज पंच्यात गुंडाळून घेतला. नांदेडहून गाडीनं मुदखेडला उतरलो. तो स्टेशनाबाहेर चहाच्या दुकानात बसला होता, कोपर बाकाच्या पाठीवर टाकून. मी जाऊन समोर उभा राहिलो.

"काय पाहिजे?"

"ओळखलं न्हाई का? लातूरचा हाय मी."

त्यानं बशीतला चहा संपवला. "लातुरात लई जणांना सरळ केलं. कुणाकुणाला याद ठेवू?"

मी गज डाव्या हातात घेतला. कुठं मारायचं, ते मला डॉक्टरांइतकंच माहीत झालं होतं. घाव बसला आणि बशी फुटली. त्यानं कोपर धरलं नाही. करंगळी आणि शेजारचं बोट मुठीत धरून तो बाकाखाली वाकला. ते मी उभा राहून नीट पाहिलं. मग पळालो. किनवटकडं जाणारी गाडी हललेली होती, ती पकडली.

किनवटला आईचे मावसभाऊ डिंकाचा व्यापार करायचे. त्यांच्याकडं राहिलो. मी सगळं सांगितलं, आणि मामा बातम्या आणत गेले. लातुरात जमादारानं पुष्कळ चौकशी करवली. मात्र त्यानं तिथं इतक्यांना मारलं होतं, की त्यातला मी कोण हे त्याला काढताच आलं नाही. आमच्या दुकानाकडं कुणी फिरकलं नाही.

सुरुवातीला माझी बोटं अगदी गप्प होती. मी उजव्या हातानं जेवायला लागलो. मग एका सकाळी गार पाण्यात हात घातला आणि आग परत आली, पहिल्यासारखीच. मी सवयीनं जमादाराला मनात मारू लागलो, पण त्याचा उपयोग होईना. ते काम तर होऊन गेलं होतं.

त्यानंतर मामा मुदखेडला जाऊन आले आणि म्हणाले, "तुझा जमादार आता काठी डाव्या हातात धरतो. उजव्याला सदऱ्याची बाहीसुद्धा सहन होत न्हाई म्हणं."

त्या रात्री मला शांत झोप लागली. आजही कळ उठली, की त्याच्या करंगळीतली आग आठवतो आणि माझी थोडी निवते. मला त्याचं वाईट वाटत नाही.