काकूंचा वानप्रस्थ

काकू बसून कधी रागावल्या नाहीत. राग आला की आधी उठून उभ्या राहायच्या, पदर कमरेला खोचायच्या आणि मगच तोंड उघडायच्या. रेशनच्या रांगेत, बँकेत, लग्नाच्या पंगतीत, कुठेही. रायपूरच्या गुढियारीत आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. माझे वडील आणि काका दोघेही रेल्वेत, काका मालगाडीवर गार्ड. काकू उभ्या राहिल्या की काका हळूच पायात चपला सरकवायचे आणि "तुमची काकू उठली" एवढं आम्हा पोरींना सांगून पानाच्या टपरीकडे निघायचे.

स्वतःसाठी त्या उठल्याचं मला आठवत नाही. आमच्याच पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, एका लग्नात सकाळपासून चुलीशी बसलेल्या बायकांना शेवटच्या पंगतीत नुसता भात उरला होता आणि बाहेर व्याही मंडळींचा जिलबीचा आग्रह चालू होता. काकू मांडवाच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. "ज्यायनं पोळ्या लाटल्या त्यायले पोळी नाही, अन् तुम्ही इथं जिलब्या रिचवून राहिले?" वरबाप पाटावरून उठला. लग्न मोडतं की काय असं वाटलं, पण मोडलं नाही. बायकांना जिलबी मिळाली आणि काकूंना त्या घरची पुढची आमंत्रणं बंद झाली.

राज्य नवीन झालं, रायपूर राजधानी झालं, तेव्हाची ही पुढची गोष्ट. शंकर नगरात रोज नवी पाटी लागत होती. त्यात एका मिशनचंही कार्यालय उघडलं. तिथले संयोजक म्हणजे भाईजी. पांढरे कपडे, साखरेत घोळलेला आवाज. परदेशात मिशनची केंद्रं होती आणि ती चालवायला निवृत्त जोडपी हवी होती. संसारातून मोकळं झालेलं वानप्रस्थी जोडपं तिथे राहणार, सकाळी हवन, संध्याकाळी मुलांचे वर्ग, म्हाताऱ्याकोताऱ्यांची विचारपूस. काका नुकतेच निवृत्त झाले होते. गाडीच्या शेवटी ब्रेकव्हॅनमध्ये एकट्याने बसून त्यांनी कितीतरी स्तोत्रं पाठ केली होती, ती ऐकायला कोणीतरी भेटणार म्हणून ते हरखून गेले. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "मले काही धर्म शिकवता येत नाही. यायले भूक लागली की मी लागते, म्हणून चालली." ज्या बाईने आयुष्यात वर्धा-नागपूरच्या पलीकडे पाऊल टाकलं नव्हतं, ती अशी उतारवयात मॉरिशसला गेली.

केंद्र उसाच्या शेतांमधल्या एका खेड्यात होतं. तिथल्या म्हाताऱ्यांचे आजे-पणजे कोकणातून गेलेले. त्यांना मराठी गाणी यायची, अर्थ माहीत नसायचा. काका स्तोत्रं म्हणत, मुलं चुळबुळत. पण वर्ग सुटला की तीच मुलं स्वयंपाकघराच्या दाराशी काकूंभोवती गोळा व्हायची. धर्म शिकवता येत नाही म्हणणारी बाई त्यांना पिठलं शिकवत होती, वेण्या घालून देत होती आणि म्हाताऱ्यांना गाण्यांचे अर्थ सांगत होती. एकदा एका आजीला घेऊन त्या सरकारी दवाखान्यात गेल्या. सकाळपासून कोणी विचारेना. काकू उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी डॉक्टरला शुद्ध वऱ्हाडीत झाडलं. त्याला एक अक्षर कळलं नाही, पण आजीचा नंबर लागला. मला हे सांगताना म्हणाल्या, "रागावली नाही वं मी. समजावून सांगितलं."

हे त्यांनी सांगितलं तेव्हा त्या सुनेच्या बाळंतपणासाठी रायपूरला आल्या होत्या. मुलगा सुहास सिलतऱ्याच्या एका कारखान्यात नोकरीला आणि राहायला शंकर नगरात. उन्हाळाभर काकू इथे होत्या, काका तिकडे एकटे. हवनाला तर जोडपं लागतं. पण आपल्याकडे त्यावर तोड आहेच. बायको जवळ नसली की पुरुष कमरेला सुपारी लावतो, त्या सुपारीला बायको मानतात आणि पूजा सुफळ होते. काकांनी उन्हाळाभर तेच केलं. भाईजींनी इथल्या सत्संगात त्यांच्या निष्ठेचं कौतुक केलं. काकू मागे बसून माझ्या कानात म्हणाल्या, "त्या सुपारीले म्हणा, आता दोन पोळ्याही टाक." आम्ही दोघी पदरात तोंड घालून हसलो.

बाळंतपण आटोपून काकू मॉरिशसला परतल्या आणि वर्षभराने तिथेच काका वारले. दुपारी जेवून आरामखुर्चीत पडले ते उठलेच नाहीत. फोनवर सुहास रडत होता आणि काकू त्याला समजावत होत्या. "मी येऊन नाही राहिली रे. इथं माह्या पोट्ट्यायच्या परीक्षा आहेत. दोन म्हाताऱ्या खाटेवर आहेत. कोण पाहीन त्यायले?" तेरावं झालं आणि मिशनने परतीचं तिकीट त्यांच्या हातात ठेवलं. माताजी शोकात आहेत, त्यांना घरच्यांची गरज आहे, असं भाईजींनी इथे सगळ्यांना सांगितलं. माताजींना कशाची गरज आहे हे माताजींना कोणी विचारलं नाही. त्या दयाळूपणाची मला आजही चीड येते.

मग इथे सत्कार झाला. मंचावर काकांचा मोठा फोटो, फोटोला हार. दीप लावायला दुसऱ्याच एका जोडप्याला बोलावलं, कारण काकूंच्या हातून लावून चालणार नव्हता. शाल सुहासच्या हाती दिली. "पतीच्या सेवाकार्यात मोलाची साथ देणाऱ्या माताजी" असा काकूंचा उल्लेख झाला आणि टाळ्या पडल्या. काकू पहिल्या रांगेत होत्या. उठल्या. सभागृहात गुढियारीची जी चार-दोन माणसं होती ती सावरून बसली.

"साथ नाही दिली जी. काम केलं," काकू म्हणाल्या. "ते काम तसंच पडून आहे. मले परत पाठवा."

भाईजी हसले. "माताजी, बाद में बैठकर बात करेंगे."

ते बसणं झालं, तेव्हा मी काकूंबरोबर गेले होते. सुहास आला नाही. त्याचं म्हणणं, "आई, अब बहुत हो गया. घर में भी बच्चा है." घरचं मूल सांभाळायला आजी हवी, यात त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण आईची सोय लावायची आणि त्यातच आपलीही लावून घ्यायची, हे मला तेव्हाही आवडलं नाही. भाईजींनी चहा मागवला आणि नियम सांगितला. वानप्रस्थ जोडीने होतो. एकटी स्त्री, परदेश, हवन कोण करणार.

"भाईजी," काकू म्हणाल्या, "मी इथं उन्हाळाभर होती तवा यायनं कमरेले सुपारी लावली. तुमचं हवन चाललं. आता हे नाही, तर मी काय लावू, ते सांगा."

भाईजींनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी काकूंना घरी घेऊन जावं. मग म्हणाले, "शास्त्र में ऐसा विधान नहीं है, माताजी."

"मग शास्त्र करणाऱ्याच्या घरी कोणाचा नवरा मेलाच नसन," काकू म्हणाल्या. आवाज चढला नाही. सगळं बोलणं त्यांनी खुर्चीत बसूनच केलं आणि तेच मला सहन झालं नाही. बाहेर आल्यावर मीच रस्त्यात उभी राहून भाईजींच्या नावाने नाही नाही ते बोलले. काकू म्हणाल्या, "चाल माय, रिक्षा पाहा."

पुढे त्या शंकर नगरातच राहिल्या. बाल्कनीत बसलेली कारखान्यांची काळी धूळ पुसायच्या, नातवाला शाळेत सोडायच्या. नातू म्हणायचा, "दादी, हिंदी में बोलो ना." रविवारी कधीतरी मॉरिशसहून एखाद्या मुलीचा फोन यायचा, मोडक्या मराठीत. त्या दिवशी काकू दोन घास जास्त जेवायच्या. तिकडचं केंद्र तोवर बंदच होतं. मग मिशनला माणूस मिळाला. निवृत्त इंजिनिअर, बायको वारलेली, एकटे. मी कार्यालयात जाऊन भाईजींना नियम विचारला. "वे तो पुरुष हैं दीदी, रह लेंगे," ते म्हणाले. सांगू की नको करत मी ते काकूंना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. निवडतच राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या खाटेवरच्या म्हातारीले न्हाऊ घालता येते का त्याले?"

काकूंना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. शेवटच्या आजारात त्या बेडवर पडून तिकडच्या मुलांची नावं घ्यायच्या आणि नर्सला वाटायचं नातवंडं आहेत. नर्सला मी कधी दुरुस्त केलं नाही.

यंदा मी मंत्रालयातून निवृत्त झाले, माझा नवरा त्याआधीच झाला होता. मिशनचे नवे संयोजक घरी आले. चांगला, शिकलेला तरुण. केनियात नवं केंद्र आहे, तुमच्यासारखं जोडपं हवं. खरं सांगायचं तर आम्हा दोघांनाही जायचं आहे. मनातल्या मनात सामान बांधायला सुरुवातही झाली होती. तरी मी उठून उभी राहिले आणि विचारलं, तिथे गेल्यावर आमच्यातलं एक गेलं, तर दुसऱ्याचं काय?

"सर तो रह सकते हैं," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "आपका... ऊपर पूछ के बताता हूँ, मैडम."

माझा नवरा फारसा बोलत नाही. तो कप खाली ठेवून म्हणाला, "पूछ लीजिए. और जवाब मुझे नहीं, इनको दीजिएगा. मैं तब तक रहूँ, न रहूँ."