मचव्यावरची उजळणी

माझ्यावर सर्वांत मोठे ऋण आहे ते मोरा बंदरातल्या एका तांडेलाचे. त्याचे नाव मी कधी विचारले नाही. सगळे त्याला तांडेलच म्हणत.

मॅट्रिकला मी एकदा नापास झालो होतो. पुन्हा झालो तर शाळा सोडून वडिलांबरोबर मिठागरात उतरायचे, हे ठरले होते. त्या वर्षी दर रविवारी मी त्या तांडेलाच्या मचव्याने मुंबईला शिकवणीला जाई आणि वाटभर पुस्तक वाची.

तांडेल नव्या खलाशाला किनाऱ्याकडे पाठ करून बसवी आणि खडक कुठे कुठे आहेत ते विचारी. चुकला तरच वळून बघू देई. एकदा सुकाणूवरचा हात न काढता तो मला थट्टेने म्हणाला, "मास्तर, त्याच पानाव किती फेऱ्या मारशील? बघून तं कोनपन सांगल. मीट ती पोथी आन् बोल!"

मी पुस्तक मिटले आणि चौथ्याच ओळीला अडलो. उतारू हसले. तो हसला नाही. "आता उघड. कुठं आपटलास त्ये बघ," म्हणाला. पुढच्या खेपेला त्याने आधी मागचेच विचारले. त्याला अक्षर येत नव्हते, पण माझे अडखळणे तो अचूक ओळखी.

पुढे पदवी मिळाली, त्या दिवशी मी बंदरावर पत्र धाडले:

"तांडेल, तुमच्यामुळे मी बी. ए. झालो. हे पत्र कोणाकडून तरी एकदा वाचून घ्या. मग त्याच्याकडे पाठ करून बसा आणि म्हणून दाखवा. अडलात तरच पुन्हा ऐका. 'तुमच्यामुळे' हा शब्द मात्र गाळू नका."