मायच्या अंगठ्याची जखम

बांधावर मायच्या चपलेचा जोड अजून पडलेला आहे. सांभार, म्हणजे कोथिंबीर, काढायला मी तोच घालून वाफ्यात शिरते आणि दर वेळी तिची आठवण येते, कारण अंगठ्याच्या दुखण्याआधी ती स्वतः जन्मभर तिथे अनवाणी गेली. "खायची चीज हाये, तिच्यावर जोडे घेऊन कायले जायचं?" असं तिचं म्हणणं. मानोऱ्याकडच्या रस्त्याला आमची ती छोटी बागायत. सांभार, मेथी, वांगी, कडेला हळद.

एका हिवाळ्यात तिच्या उजव्या पायाच्या अंगठ्यात बाभळीचा काटा मोडला. अंगात साखर होतीच. अंगठा सुजला, ठणकला, फुटला आणि जखम भरायचं नाव घेईना. वाशिमच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, "अशीच राहिली तर अंगठा काढावा लागेल. पुढे पायाचंही सांगता येत नाही."

माय तिथेच कडाडली, "मी सरणावर अख्खी जाईन. अर्धी नाई जात!" हसावं की रडावं, मला कळेना.

घरी पट्टी मीच बदलायची. एके दिवशी जखमेच्या तळाशी लालभडक, दाणेदार मांस दिसलं आणि कापूस लागताच रक्ताचे थेंब आले. पुढच्या वेळी पाहते तर लाल काहीच नाही, वर पिवळट खपली आणि कडा पांढऱ्या, कडक. दवाखान्यात बाईंनी ते सगळं खरवडून काढलं. पुन्हा लाल दिसलं, पुन्हा पिवळं झालं. तेव्हा बाईंनी मायकडे रोखून पाहिलं. "आजी, यावर काय लावता?"

"घरची हळद हाये, अन् चिमूटभर चुना," माय मोठ्या मिजाशीत बोलली. "रक्त वाहून राह्यलं होतं, मंग बंद करा लागते का नाई?"

बाईंनी कपाळाला हात लावला. मग शांतपणे समजावलं. जखमेला सुरुवातीला येणारी सूजच तिथे रक्त बोलावते. मग भोवतालच्या जिवंत मांसातून केसाहून बारीक नव्या रक्तवाहिन्या फुटतात. त्या कोवळ्या असतात म्हणून जरा धक्का लागला की रक्त येतं, आणि ते चांगलं लक्षण आहे. पण सूज हटलीच नाही, भोवतालचं मांस चुन्यानं भाजून मेलं, तर त्या फुटतील कुठून?

"व माय! म्हंजे मी कोंबच जाळून राह्यली होती," माय पुटपुटली. चुन्याची डबी तिनं त्याच दिवशी शेजारणीला देऊन टाकली.

अंगठा वाचला. वाफ्यातही चप्पल घालायची, असं बाईंनी बजावलं. आमची माय नवी चप्पल हातात धरून दगडगोट्यांतून अनवाणी बागेपर्यंत गेली आणि वाफ्यात शिरताना पायात घातली! का, तर रस्त्याची घाण सांभाराला लागू नये. मी बांधावरून ओरडले. "काहून बोंबलतं वं? घातली ना चप्पल!" शेवटी दोन जोड घेतले, एक रस्त्याचा, एक बांधावरचा.

गेल्या उन्हाळ्यात ती गेली, वय होऊन, झोपेतच. शेवटची आंघोळ घालताना उजवा पाय मी धुतला. अंगठ्यावर ती गुलाबी, गुळगुळीत कातडी होती. तिथे हात थांबला आणि मला रडू आवरेना.

"अख्खी चालली वं माय तू," मी तिच्या कानात सांगितलं.