जाऊबाईंचं नाक

आमच्या थोरल्या जाऊबाईंसारखं नाक अख्ख्या रत्नागिरीत दुसऱ्या कुणाला नाही, आणि त्या नाकावर माझ्याइतकं जळलेलं माणूसही दुसरं सापडायचं नाही. देव कुणाला गळा देतो, कुणाला हाताला चव देतो. यांना त्याने नाक दिलं आणि ते नाक घेऊन त्यांना थेट पोर्तुगालला पाठवलं. माझ्या थोरल्या दिरांना लग्नाच्या वर्षीच कंपनीने तिकडे नेलं. मी या घरात आले ती त्यानंतर. त्यामुळे नात्याने धाकटी असूनही थोरलीची सगळी कामं माझ्या पदरात पडली: सासूबाईंचं पथ्य, सासऱ्यांचा पहाटेचा चहा, गणपतीतल्या पंगती. जाऊबाई तिकडे पोर्तो नावाच्या गावात नदीकाठी राहात होत्या. भाषा येईना, दिवस सरेना, म्हणून वाईनच्या एका तळघरात त्या बाटल्यांना लेबलं चिकटवायच्या कामाला लागल्या. लेबलं चिकटवता चिकटवता वास घ्यायला शिकल्या, आणि पुढे पाहुण्यांना तेच तळघर हिंडवून दाखवू लागल्या. सुट्टी लागली की लोक देवदर्शनाला जातात. या बाई द्राक्षांच्या दर्शनाला जायच्या. भावजी निवृत्त झाले आणि दोघं कायमची परत आली, तेव्हा बोटीने आलेल्या सामानात कपड्यांपेक्षा बाटल्या जास्त होत्या. प्रत्येक बाटलीला स्वेटर घातलेला. रत्नागिरीत स्वेटर दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचा नव्हताच म्हणा.

वरचा मजला त्यांचा, खालचा आमचा, असं ठरलं होतं. पण वरचा मजला उन्हाने तापतो आणि वाईनला उकाडा सोसत नाही. घरात गार अशी एकच जागा, मागची अंधारी खोली. जांभ्याच्या जाड भिंती, खिडकी नावापुरती. तिथे माझ्या लोणच्याच्या बरण्या असायच्या. जाऊबाई एका सकाळी खाली आल्या, भिंतीला गाल लावून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मालू, ही खोली म्हणजे सोनं आहे गो." त्या दिवशी माझ्या बरण्या ओट्याखाली आल्या आणि खोलीत बाटल्या आडव्या झोपल्या. वैशाखात त्यांच्यावर ओली गोणपाटं. सासूबाईंच्या आजारपणात आम्ही केली नसेल एवढी शुश्रूषा. ओट्याखालच्या उष्म्याने माझ्या लिंबाच्या लोणच्याला बुरशी आली, तेव्हा मी मुद्दाम बरणी वर नेऊन त्यांच्यापुढे ठेवली. वाटलं, शरमतील. त्यांनी चष्मा लावला, बुरशी कौतुकाने न्याहाळली आणि हंगेरीतल्या एका गावाची गोष्ट सांगायला बसल्या. तिथे द्राक्षांवर बुरशी धरायची लोक वाट पाहतात म्हणे. बुरशी मण्यातलं पाणी शोषून घेते, मणी सुकून मनुक्यासारखा होतो, आणि त्याची जी वाईन होते ती मधासारखी घट्ट. पूर्वी राजेलोक मरणाच्या दारात ती चमच्याने प्यायचे. "बुरशीबुरशीत फरक असतो," असं म्हणून त्यांनी बरणी मला परत दिली. मी ते लोणचं फेकून दिलं.

जाऊबाईंची बदनामी होईल ही एक आशा मला होती. बाई माणूस घरात दारू ठेवते, ही बातमी आमच्या आळीत किती वेळ टिकणार? ती संध्याकाळपर्यंत पसरली, आणि दुसऱ्या दिवशी भजनी मंडळातल्या बायका चौकशीला आल्या. मी दारातच उभी होते, चेहरा होईल तितका दुःखी करून. जाऊबाईंनी त्यांना वर नेलं, पेला उजेडात धरून रंग दाखवला, वास घ्यायला लावला, आणि बायका कितीतरी वेळाने खाली आल्या त्या हसतच. शेजारच्या काकूंनी निकाल दिला, "ही दारू नव्हे. हे द्राक्षासव. वैद्यसुद्धा देतात." तेव्हापासून मंडळाची निम्मी बैठक वरच्या मजल्यावर. शिवाय जाऊबाई पितात ती जेमतेम दोन घोट. आधी बराच वेळ नाक पेल्यात घालून बसतात, मग एक घोट तोंडात घोळवतात आणि चक्क पातेल्यात थुंकतात. आमचे हे पहिल्यांदा ते पाहून हादरले. त्यांचा मागच्या बाजूला आमरस डबाबंद करायचा लहानसा कारखाना आहे, माल वाया गेलेला त्यांना पाहवत नाही. टाकायचीच होती तर उघडली कशाला, असं त्यांनी मला स्वयंपाकघरात येऊन विचारलं. मी म्हटलं, वर जाऊन विचारा. ते वर गेले आणि त्या दिवशी तेही त्यांचेच झाले.

झालं असं, की जाऊबाईंनी जर्मनीतली एक पांढरी वाईन उघडली होती. तिथे नदीकाठचे डोंगर इतके उभे, की द्राक्षं काढणाऱ्यांना दोर धरून चढावं लागतं, आणि जमिनीत सगळा पाटीचा काळा दगड. तोच आपला शाळेतल्या पाटीचा. जाऊबाईंनी ह्यांच्या नाकाखाली पेला धरला आणि म्हटलं, ओली पाटी आठवा. ह्यांनी डोळे मिटले. मी दारात उभी राहून पाहात होते. खूप वेळाने डोळे न उघडताच हे म्हणाले, "दुसरीतल्या बाई आठवल्या." माझ्या हातचं बांगड्याचं तिखलं या माणसाने जन्मभर खाल्लं, एकदाही डोळे मिटले नव्हते. खाताना पेपर मात्र वाचला.

आणि असं सगळ्यांचं व्हायचं. जाऊबाई मिरकरवाड्याच्या बंदरावर मासे आणायला गेल्या तर सुरमईचे कल्ले उचलून डोळे मिटून उभ्या राहायच्या. कोळीण म्हणायची, बाई, मासा घेताय की त्याची पूजा करताय? आणि वर त्यांनाच ताजा मासा द्यायची. तळलेल्या बांगड्याबरोबर त्या पोर्तुगालची एक कोवळी, आंबट, जिभेला किंचित चुरचुरणारी वाईन घ्यायच्या, तिला आपल्या सोलकढीची मावसबहीण म्हणायच्या. मी सोलकढी करायची आणि कौतुक मावसबहिणीचं. एकदा त्यांनी मदेरा बेटाची गोष्ट सांगितली. तिथली वाईन पिंपांत भरून गलबतांवर चढवत आणि गलबतं इकडे आपल्या मुलखाकडे निघत. वाटेत उन्हाने पिंपं तापायची, लाटांनी घुसळायची. न खपलेली पिंपं परत गेली तेव्हा लोकांना कळलं, की न गेलेल्या वाईनपेक्षा ही जाऊन आलेली वाईन कितीतरी सरस. आता मुद्दाम तापवून करतात, आणि ती वर्षानुवर्षं नासत नाही. सगळे वा वा म्हणाले. मी कढई घासत होते. मनात म्हटलं, बरोबरच आहे. जाऊन आलेल्याचा भाव वाढतो; जागच्या जागी राहिलेलीला कोण पेल्यात ओततं?

इथवर सगळं मी सोसलं. पण माझी लेक सई वर जायला लागली, ते मात्र सोसेना. सई जाऊबाईंना मोठीआई म्हणते. लहानपणी सुट्टीत त्या यायच्या तेव्हापासूनच. मी एकदा तिला विचारलं होतं, त्या मोठीआई, मग मी कोण? ती म्हणाली, तू आई. पुढे काही विशेषण लावायचं तिला सुचलं नाही. सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन ती इथेच पदवीचं शिकत होती. वडिलांच्या कारखान्यात बसेल, आंब्याच्या हंगामात हाताशी येईल, फार तर चिपळूणपर्यंत लग्न करून जाईल, एवढा माझा हिशेब. ती मात्र कॉलेजातून आली की दप्तर खाली टाकायची आणि वर पळायची. वरून दोघींचं हसणं ऐकू यायचं. शेरी नावाच्या स्पेनच्या वाईनवर पिंपात यीस्टची साय धरते, आणि ती साय खालच्या वाईनला हवेपासून जपते, हे मला सईने जेवताना सांगितलं. तिच्या डोळ्यांत तेव्हा जे होतं, ते मी तिला दुधावरची साय काढायला शिकवलं तेव्हा नव्हतं.

मार्चच्या सुमारास एका रविवारी आम्ही सगळे जेवायला बसलो होतो आणि भावजी सहज म्हणाले, सईला पोर्तोला थंडी बाधेल, चांगला कोट घ्यायला हवा. सईचा घास हातातच राहिला. जाऊबाई ताटाकडे पाहू लागल्या. हळूहळू उलगडलं ते असं: वाईन कशी करतात त्याच्या तिकडल्या शिक्षणासाठी सईने अर्ज केला होता, जाऊबाईंनी ओळखीच्या लोकांना सांगितलं होतं, आणि प्रवेश झाला होता. ह्यांना ठाऊक होतं. भावजींना तर कोटापर्यंत ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त मला. आईला कसं सांगायचं हेच कळत नव्हतं, असं सई म्हणाली आणि रडायला लागली. मी सगळ्यांना भात वाढला, ताक वाढलं आणि अबोला धरला.

अबोला ही साधी गोष्ट नाही. घरातलं एकही काम चुकता कामा नये, नाहीतर त्याचा परिणाम राहात नाही. मी दोन्ही वेळा स्वयंपाक केला, जाऊबाईंच्या गोणपाटांवर पाणीसुद्धा मारलं, आणि तोंडातून शब्द काढला नाही. सई मागेमागे फिरली, ह्यांनी दोनदा चहा करून दिला. अखेर एका दुपारी मी ओले काजू सोलत बसले होते, तेव्हा जाऊबाई खाली आल्या आणि पाट ओढून समोर बसल्या. त्यांनीही काजू हातात घेतले. त्यांना ते येत नाही. सालीचा चीक लागून बोटं काळी पडतात, याचंही त्यांना भान नव्हतं.

"तुला वाटतं, मी तिला पळवली," त्या म्हणाल्या.

मी सोलत राहिले.

मग त्या त्यांच्या मुलाबद्दल बोलल्या. तो तिकडेच वाढला, तिकडेच आहे, काम संगणकाचं. त्याला त्यांनी लहानपणापासून तळघरात नेलं, पिंपांचा वास दिला. तो म्हणतो, आई, मला सगळ्या सारख्याच लागतात. फोन करतो, तब्येत विचारतो, चांगला आहे. पण त्यांनी कधी एखाद्या वाईनचं काही सांगायला घेतलं की पलीकडे टकटक टाइप केल्याचा आवाज येतो. हे त्या हसत सांगत होत्या. हसणं पुढे टिकलं नाही.

"सईला पहिल्यांदा शेरी दिली, तर ती काय म्हणाली सांगू? म्हणाली, रात्रभर आंबोळीचं पीठ आंबलंय आणि खिडकीतून खारा वारा येतोय. ती हंगेरीची दिली, तर म्हणाली, आई आंबापोळी वाळत घालते आणि मधमाश्या येतात, तो वास. मालू, मला आंबापोळी घालता येत नाही. मी तिला फक्त गावांची नावं दिली. वास सगळे तुझ्याकडचे आहेत." त्यांनी काळी झालेली बोटं एकदा पाहिली. "मला तुझा फार हेवा वाटतो गो."

इतकी वर्षं या घरात जळण्याचं खातं माझं एकटीचं आहे, अशी माझी समजूत होती. तिथेही याच वाटेकरी निघाल्या. मी एवढंच म्हटलं, "हाताला खोबरेल लावा, नाहीतर साल जाईल." माझा अबोला तिथे संपला. संपवायचा नव्हता, पण त्यांचे हात बघवेनात.

सई गेली त्या दिवशी आम्ही सगळे हातखंब्यापर्यंत गेलो. मुंबईची गाडी तिथे थांबते. हे तिच्याबरोबर विमानतळापर्यंत जाणार होते. मी डब्यात घावणे दिले, चटणी दिली, तिकडे मिळणार नाही म्हणून आमसुलं दिली. जाऊबाईंनी काहीच दिलं नाही. नुसतं तिच्या केसांवर नाक टेकून उभ्या राहिल्या. गाडी वळणाआड गेल्यावरही आम्ही दोघी धुरळ्यात तशाच उभ्या. परतीच्या वाटेवर मला वाटलं होतं, आता त्या काहीतरी सांगतील, कुठल्यातरी डोंगराबद्दल, पिंपाबद्दल. घर येईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

सईचा पहिला मोठा फोन आला तो वरच. खालून ऐकू येतं मला. तिकडे द्राक्षांची तोडणी चालू झाली होती आणि ही दगडी हौदात उतरून सगळ्यांच्या गळ्यात हात टाकून द्राक्षं तुडवत होती. पाय गुडघ्यांपर्यंत जांभळे झाले होते, धुऊनही रंग जात नव्हता. हे सगळं आधी मोठीआईला. मग जाऊबाई फोन घेऊन जिना उतरून आल्या आणि फोन माझ्या हातात देऊन मागच्या पडवीत जाऊन बसल्या. मला सईने जेवलीस का विचारलं, माझा दुखरा गुडघा कसा आहे विचारलं. मी म्हटलं, पाय नीट पुसत जा, गारठशील. जांभळ्या पायांबद्दल मी आणखी काही विचारायला हवं होतं, असं फोन ठेवल्यावर वाटलं. वरच्या मजल्यावर अशा वेळी काय विचारतात, ते मला ठाऊक नाही.

पडवीत गेले तर जाऊबाईंपुढे दोन पेले होते. सई गेल्यापासून त्यांनी बाटली उघडली नव्हती. माझ्याकडे न बघताच त्यांनी एक पेला पुढे सरकवला. मी कधी घेतली नव्हती. कुणी कधी विचारलंच नव्हतं, की मीच कधी विचारू दिलं नव्हतं, देव जाणे. पेला हातात धरला, त्या करतात तसा गोल फिरवला आणि नाक आत घातलं. भावजी दाढीनंतर गालाला लावतात त्या पाण्यासारखं काहीतरी वाटलं, मग तेही गेलं.

"काय येतंय?" त्यांनी विचारलं.

"कैरी," मी म्हटलं.

"खोटं बोलतेस."

"हो."

त्या हसल्या, मग मीही हसले, आणि घोट घेतला. आंबट होतं. वाईट नव्हतं. तिन्हीसांजा झाल्या होत्या, दिवा लावायला हवा होता, पण दोघींपैकी कुणी उठलं नाही.