मावसाजींवरचा दावा

आमच्या मावसाजींइतका मनापासून संतापणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात झाला नसेल. मावशीचे हे यजमान बडनेऱ्याला रेल्वेत गार्ड होते आणि कॉलेजसाठी मी त्यांच्याकडे राहायचो. गाडी उशिरा आली की ते संतापत, वेळेवर आली तर रोज का येत नाही म्हणून संतापत. पण त्यांचा खरा राग उधारीवर. शेजारीण वाटीभर साखर उसनी मागायला आली, तर "न्या, पण परत आणू नोका, मले उधारी चालत नाई," म्हणून डबाच तिच्या हातात देत.

अशा माणसाच्या दारात एका सकाळी अमरावतीच्या कापडदुकानाचा वसुलीवाला येऊन उभा राहिला. जुनं खातं आहे, एका लुगड्याचे पैसे थकलेत, आठ दिवसांत भरा, नाहीतर शेठ कोर्टात खेचतील, म्हणाला.

"म्या उधार घेतलं? खेच कोर्टात. आजच खेच. आठ दिवस काहून थांबून राहिला?" मावसाजींनी त्याच दिवशी कोर्टात घालायला काळा कोट इस्त्रीला टाकला.

समन्स काही येईना. वाट पाहून ते आणखीच चिडले आणि मला घेऊन वकिलाकडे गेले. वकील हसून म्हणाले, "खातं फार जुनं आहे. दाव्याची मुदत केव्हाच गेली. निवांत झोपा." मावसाजींना तो अपमानच वाटला. "म्हंजे घेतलं, पण आता देत नाई, असं म्हणू? अहो, म्या घेतलंच नाई ना."

तिथून आम्ही तडक दुकानात गेलो. शेठ मवाळपणे म्हणाले, "माल तुमच्या घरच्या बाईंनी नेला होता."

घरी मावशी भाकरी थापत होती. मान वर न करता तिने सांगितलं, "आपल्या भांडेवालीच्या पोरीचं लगन होतं. पोरीले नवं लुगडं नोतं. थोडे थोडे पैसे देत होती मी, मंग माह्या दुखण्यात राहून गेलं."

"मले काहून नाई सांगतलं?"

"तुमी रागावले असते."

आता घर डोक्यावर घेतील म्हणून मी भिंतीला टेकलो. मावसाजी नुसते ओट्यावर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी मला सोबत घेऊन दुकानात गेले आणि मुदत गेलेले ते पैसे चुकते केले. परतताना टांग्यात हळूच म्हणाले, "एका लुगड्यासाठी मी तिले रागावलो असतो का रे?"

उत्तरासाठी ते थांबले नाहीत. कडेच्या कापसाच्या शेतांकडे पाहत राहिले.